मधुमेह आणि दृष्टी

मधुमेह हा काही नवा रोग नव्हे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांमध्ये प्रमेहाच्या प्रकारांत त्याचा निर्देश आढळतो. रुग्णाच्या मूत्राला मधासारखी गोडी येते या लक्षणावरूनच त्याचे नामकरण झाले आहे. इ. स. १७७६ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील मॅथ्यू डॉब्सन या वैद्याने अशा रुग्णाचे मूत्र आटवून मागे राहणारा पदार्थ साखरेसारखाच असल्याचे दाखवून दिले. परंतु या रोगाचा डोळ्याशी असलेला संबंध ध्यानात यावयास आणखी पाऊणशे वर्षे लागली. त्याचे कारण उघड आहे. मधुमेहाने होणारा मुख्य नेत्रविकार डोळ्याच्या आत, अगदी पाठीमागच्या बाजूस होतो. आणि जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत डोकावून पाहण्याचे साधनच त्या काळी उपलब्ध नव्हते.

आज हे साधन आहे, रोगाची कारणे बऱ्याच अंशी कळली आहेत आणि त्यावरचे उपायही सिद्ध झाले आहेत. असे असूनही मधुमेहामुळे दृष्टी गमावणारी माणसे सर्व देशांत आढळतात. उपायाचे ज्ञान असताना ही हानी का व्हावी, हा प्रश्न प्रत्येक सुज्ञ नागरिकाने विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर या रोगाच्या एका विलक्षण स्वभावात दडलेले आहे. हा रोग बराच पुढे जाईपर्यंत माणसाला काहीही जाणवत नाही. आणि जेव्हा जाणवते तेव्हा गेलेली दृष्टी पुष्कळदा पूर्णपणे परत मिळविता येत नाही.

डोळ्यात डोकावणारा आरसा

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये नेत्रदर्शक नावाच्या एका लहानशा उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. डोळ्याची बाहुली आपणांस काळी दिसते, याचे कारण असे की, आत गेलेला प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने बाहेर येतो आणि पाहणाऱ्याने त्या वाटेवर डोळा ठेवला तर त्याचे डोकेच प्रकाशाला आड येते. हेल्महोल्ट्झ याने काचेच्या तिरप्या पट्ट्यांवरून प्रकाश परावर्तित करून तो रुग्णाच्या डोळ्यात सोडला आणि त्याच काचांमधून स्वतः आत पाहिले. काळ्या बाहुलीमागचा नारिंगी-तांबडा पडदा आणि त्यावर पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या शाखा माणसाला अशा रीतीने प्रथमच स्पष्ट दिसल्या.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८५५ मध्ये, व्हिएन्ना येथील एडुआर्ड येगर याने एका मधुमेही रुग्णाच्या डोळ्यातील या पडद्यावर पिवळसर ठिपके व रक्तस्रावाच्या खुणा पाहिल्या. हे विकार खरोखरच मधुमेहामुळे होतात काय, याविषयी त्या काळच्या मोठमोठ्या नेत्रवैद्यांमध्ये दीर्घकाळ मतभेद राहिला. तो मिटावयास विलंब लागण्याचे एक कारण मोठे खेदजनक होते. त्या काळी तरुणपणी मधुमेह जडलेली माणसे थोड्याच काळात मृत्यू पावत. डोळ्याचा विकार पूर्णपणे प्रकट व्हावा इतके आयुष्यच त्यांना लाभत नसे.

१९२१ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे करण्यात यश मिळविले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते एका चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम टोचण्यात आले. मरणाच्या दारातली मुले पुन्हा हिंडूफिरू लागली. पण इन्सुलिनने आयुष्य वाढले, तसा पंधरा-वीस वर्षांनी एक नवा प्रश्न समोर आला. वाचलेल्यांपैकी पुष्कळांची दृष्टी मंद होऊ लागली होती. मधुमेहाने जीव घेण्याचे सोडले, पण तो डोळ्यांवर आपली वसुली करू लागला.

भारतात या प्रश्नाला आज फार मोठे परिमाण प्राप्त झाले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या वर आहे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नास वर्षांवरील मधुमेही स्त्रीपुरुषांचे डोळे तपासले असता त्यांपैकी शेकडा १६.९ जणांच्या डोळ्यांत मधुमेहजन्य विकार आढळला.

जालपटलाची रचना

डोळ्याचा गोल सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. समोरच्या पारदर्शक भागातून आणि बाहुलीमागील भिंगातून आलेले प्रकाशकिरण गोलाच्या मागच्या आतील पृष्ठावर एकत्र येतात व तेथे बाह्य वस्तूची प्रतिमा उमटते. या पृष्ठावर जो नाजूक पडदा पसरलेला असतो त्याला जालपटल म्हणतात. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, परंतु तेवढ्यात मज्जापेशींचे अनेक थर व्यवस्थित रचलेले असतात. प्रकाशाचे रूपांतर संवेदनेत करून ती मेंदूकडे पाठविणे हे या थरांचे कार्य होय. भिंग व जालपटल यांमधील पोकळी एका पारदर्शक, खळीसारख्या दाट पदार्थाने भरलेली असते. त्यास काचाभ पदार्थ म्हणतात.

जालपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचे एक लहान क्षेत्र आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणे ही सर्व बारकाव्याची कामे या क्षेत्राच्या जेमतेम दीड मिलिमीटर व्यासाच्या मध्यभागावर अवलंबून असतात. उरलेले विस्तीर्ण जालपटल आजूबाजूचे दृश्य दाखविते, मंद प्रकाशात वाट दाखविते आणि बाजूने येणाऱ्या वस्तूची चाहूल देते. ही गोष्ट वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व दिसून येईल.

शरीरातील ज्या ऊतकांना प्राणवायूची गरज सर्वांत अधिक असते त्यांत जालपटलाची गणना होते. ही गरज भागविण्यासाठी त्यात अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. यांतील केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की, तांबड्या रक्तपेशींना त्यांतून जवळजवळ एकामागून एक ओळीने जावे लागते. केशवाहिनीच्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी असतात. आतून अस्तर करणाऱ्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असल्यामुळे रक्तातील द्रव बाहेर झिरपत नाही. त्यांना बाहेरून वेटाळून बसलेल्या दुसऱ्या पेशी त्या भिंतीला आधार देतात. घागरीला बाहेरून दोरीचे शिंकाळे आवळून धरते, तसेच काहीसे हे कार्य आहे.

साखरेचे दुष्परिणाम

स्नायूंमधील पेशींत साखर मुख्यतः इन्सुलिनच्या साहाय्याने प्रवेश करते. जालपटलातील केशवाहिन्यांच्या पेशींचे तसे नाही. त्यांच्यात साखर शिरण्यासाठी इन्सुलिनची आवश्यकता नसते; रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही ती वाढते. ही वाढ महिनोन्‌महिने टिकली म्हणजे पेशींतील रासायनिक व्यवहार बिघडतात, प्रथिनांना साखर चिकटून त्यांचे गुणधर्म बदलतात आणि केशवाहिनीची भिंत एकीकडे जाड, तर दुसरीकडे दुबळी होत जाते. आधार देणाऱ्या बाहेरच्या पेशी लवकर नष्ट होऊ लागतात.

शिंकाळे तुटलेल्या जागी भिंतीला बारीक फुगवटे येतात. नेत्रदर्शकातून ते टाचणीच्या टोकाएवढ्या तांबड्या ठिपक्यांसारखे दिसतात. रोगाची पहिली दृश्य खूण हीच होय. काही फुगवटे फुटून थोडासा रक्तस्राव होतो. काही ठिकाणी भिंतीतून द्रव, प्रथिने व स्निग्ध पदार्थ झिरपतात. द्रव शोषला गेला तरी स्निग्ध पदार्थांचे पिवळे कण मागे राहतात. येगर याने पाहिलेले पिवळसर ठिपके हेच असावेत. ही झिरपण पीतबिंदूपाशी झाली तर तो भाग सुजतो आणि अक्षरे पुसट किंवा वेडीवाकडी दिसू लागतात. मधुमेही रुग्णांची वाचण्याची शक्ती कमी होण्याचे हे एक अत्यंत सामान्य कारण आहे.

याच वेळी कित्येक केशवाहिन्या बंद पडत जातात आणि जालपटलाचे लहानलहान भाग प्राणवायूवाचून उपाशी राहतात. अशा उपाशी भागातून रक्तवाहिन्यांना वाढण्याचा आदेश देणारे एखादे द्रव्य पाझरत असावे, असे अनुमान आयझॅक मायकेलसन या नेत्रशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये मांडले होते. पुढे अशा गुणधर्माचे एक प्रथिन सापडले आणि मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवात त्याचे प्रमाण वाढलेले असते, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. या प्रथिनाच्या प्रभावाने जालपटलावर नव्या रक्तवाहिन्या फुटतात.

नवी वाहिनी म्हणजे नवा रक्तपुरवठा, तेव्हा हे इष्टच नव्हे काय, असे कोणासही वाटेल. पण या वाहिन्या जेथे हव्या तेथे वाढत नाहीत. त्या जालपटलाच्या पृष्ठावर आणि काचाभ पदार्थाच्या दिशेने पसरतात व त्यांच्या भिंती अत्यंत तकलादू असतात. थोड्याशा ताणाने, कित्येकदा झोपेतही, त्या फुटतात आणि काचाभ पदार्थात रक्त पसरते. रुग्णाला डोळ्यापुढे काळे धागे किंवा जळमटे तरंगताना दिसतात; रक्तस्राव मोठा असेल तर पडदा टाकल्याप्रमाणे सारे अंधारते. नव्या वाहिन्यांबरोबर चिवट तंतूंचे जाळेही वाढते. ते आकसले म्हणजे जालपटल आपल्या जागेवरून ओढून सोडविले जाते. याच वाहिन्या बाहुलीभोवतीच्या भागावर वाढून डोळ्यातील द्रवाचा निचरा अडवितात, तेव्हा काचबिंदूचा एक अतिशय वेदनामय प्रकार उद्भवतो.

मधुमेहाचा परिणाम जालपटलापुरताच मर्यादित नसतो. मधुमेही माणसांना मोतीबिंदू इतरांपेक्षा लवकर होतो. तसेच रक्तातील साखर पुष्कळ वरखाली होत असेल, तर भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलून चष्म्याचा क्रमांक काही काळ बदलतो. म्हणून साखर काही आठवडे स्थिर झाल्यावाचून नवा चष्मा करू नये, असा सल्ला देण्यात येतो.

‘मला तर स्वच्छ दिसते’

आता एखाद्या शिंप्याची कल्पना करावी. त्याचे वय ५४ वर्षांचे असून त्याला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. चष्मा लावून तो सुईत दोरा सहज ओवतो, काळ्या कापडावर काळी शिलाई घालतो. डोळे तपासून घेण्याविषयी कोणी सुचविले तर तो हसून म्हणतो, “मला तर स्वच्छ दिसते. दवाखान्यात जाऊन दिवस कशाला मोडू?” त्याचे म्हणणे वरवर पाहता सयुक्तिक आहे. रोज बारीक काम करणाऱ्याच्या दृष्टीत बिघाड झाला असता तर तो त्यालाच प्रथम कळला नसता काय?

परंतु सुईत दोरा ओवून त्या शिंप्याने परीक्षा केली ती फक्त दीड मिलिमीटर व्यासाच्या एका ठिपक्याची. उरलेल्या जालपटलावर शेकडो फुगवटे आले असतील, कित्येक वाहिन्या बंद पडल्या असतील, नव्या वाहिन्यांची पालवीही फुटली असेल. पण पीतबिंदू शाबूत आहे तोवर त्याची सुई त्याला काहीही सांगणार नाही. जालपटलाला वेदना जाणवत नाही, म्हणून डोळा दुखतही नाही. एक डोळा अधू होऊ लागला तर दुसरा त्याची उणीव झाकून टाकतो. या शिंप्याला एखाद्या सकाळी डोळ्यापुढे काळी जळमटे दिसली, तर तो त्याच दिवशी रोग झाला असे समजेल. वस्तुतः तो रोग त्याच्या दुकानात त्याच्याबरोबर कित्येक वर्षे बसून होता.

यास्तव मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत दृष्टी चांगली असणे आणि डोळा निरोगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ठामपणे समजून घेणे अवश्य आहे. पहिली गोष्ट रुग्णाला स्वतःला कळते. दुसरी केवळ तपासणीनेच कळू शकते.

तपासणी केव्हा व कशी

प्रौढ वयात होणारा मधुमेह अंगात कित्येक वर्षे गुप्तपणे असू शकतो. त्यामुळे त्याचे निदान होते त्या वेळीच काहींच्या जालपटलात बिघाड झालेला असतो. म्हणून अशा रुग्णाने निदान होताच डोळे तपासून घ्यावेत व पुढे साधारणतः दर वर्षी तपासावेत. बालपणी किंवा तारुण्यात एकाएकी सुरू होणाऱ्या, पहिल्यापासून इन्सुलिन घ्यावे लागणाऱ्या मधुमेहात पहिली तपासणी रोग सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत आणि नंतर प्रतिवर्षी करावयाची असते. मधुमेही स्त्रीला दिवस राहिल्यास गर्भारपणात हा विकार वेगाने वाढण्याचा संभव असतो. तिने गर्भधारणेपूर्वी किंवा पहिल्या तीन महिन्यांत तपासणी करून घ्यावी व पुढेही वैद्याच्या सल्ल्याने ती करीत राहावे. विकार आढळला असेल त्यांना वर्षातून अनेकदा बोलाविण्यात येते.

तपासणीत भय वाटण्याजोगे काही नाही. डोळ्यात औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करतात, म्हणजे जालपटलाचा कडेपर्यंतचा भाग दिसू शकतो. थेंबांमुळे काही तास जवळचे अंधुक दिसते व उजेड सहन होत नाही. म्हणून त्या दिवशी सोबतीला कोणास तरी न्यावे आणि वाहन चालवू नये. केवळ भिंतीवरच्या तक्त्यावरील अक्षरे वाचून घेणे म्हणजे ही तपासणी नव्हे. चष्म्याचा क्रमांक काढून घेतला म्हणजे डोळे तपासून झाले, असे मानणे ही एक सार्वत्रिक चूक आहे.

अलीकडे जालपटलाची छायाचित्रे घेणारे कॅमेरे लहान दवाखान्यांतून आणि फिरत्या मोटारींतूनही नेता येतात. खेड्यात घेतलेले छायाचित्र दूरच्या शहरातील तज्ज्ञ पाहू शकतो आणि संगणकाच्या साहाय्यानेही अशा छायाचित्रांची प्राथमिक छाननी करता येते. ज्या देशात नेत्रवैद्य बहुतांशी शहरांत व रुग्ण मोठ्या संख्येने खेड्यांत आहेत, तेथे या सोयीचे मोल विशेष आहे.

दोन तपासण्यांच्या मध्ये घरच्या घरी एक साधी दक्षता घेता येते. आठवड्यातून एकदा एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्या डोळ्याने दिनदर्शिकेवरील आकडे व रेघा पाहाव्यात आणि मग तसेच दुसऱ्या डोळ्याचे करावे. सरळ रेघ वाकडी दिसली, एखादा भाग पुसट वाटला, काळे ठिपके वा धागे अचानक तरंगू लागले किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखे झाले, तर विलंब न लावता नेत्रवैद्याकडे जावे. मात्र ही दक्षता वार्षिक तपासणीची जागा घेऊ शकत नाही. कारण तिनेही मुख्यतः मध्यभागाचीच परीक्षा होते.

प्रतिबंध: साखर आणि रक्तदाब

रक्तशर्करा काटेकोरपणे ताब्यात ठेवली तर डोळ्यांचे रक्षण होते काय, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. त्याचा निर्णय अमेरिका व कॅनडा येथे १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या एका विस्तृत प्रयोगाने लावला. बालपणी वा तारुण्यात मधुमेह झालेल्या १,४४१ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला त्या काळच्या नेहमीच्या पद्धतीने उपचार दिले. दुसऱ्याची साखर वारंवार मोजून व इन्सुलिनची मात्रा त्यानुसार बदलून ती शक्य तितकी निरोगी माणसाच्या पातळीजवळ ठेवली. ज्यांच्या डोळ्यांत आरंभी विकार नव्हता, अशांमध्ये काटेकोर उपचारांमुळे तो उद्भवण्याचा धोका शेकडा ७६ ने कमी झाला. ज्यांच्यात सौम्य विकार होता त्यांच्यात तो वाढण्याचा धोका शेकडा ५४ ने घटला. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाविषयी ब्रिटनमध्ये झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा निष्कर्षही याच दिशेचा होता. त्याच प्रयोगात आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसून आली: रक्तदाब चांगला ताब्यात ठेवल्याने जालपटलाचा विकार वाढण्याचा धोका शेकडा ३४ ने कमी झाला. दुबळ्या भिंतींच्या वाहिन्यांतून अधिक दाबाने रक्त वाहू लागले तर काय होईल, हे सांगावयास नको.

एका दिवसाच्या साखरेवरून नियंत्रणाची खरी कल्पना येत नाही. हिमोग्लोबिन ए-वन-सी या रक्तपरीक्षेने मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पुष्कळ प्रौढ रुग्णांच्या बाबतीत ती शेकडा सातच्या आसपास ठेवण्याचे ध्येय असते. वय, इतर रोग व साखर फार खाली जाण्याचा धोका यांचा विचार करून वैद्य प्रत्येकासाठी ते ठरवितो. पानातील भात, पोळी वा इडली यांचे प्रमाण मोजके ठेवणे, डाळी व भाज्या यांचा अधिक उपयोग करणे, नित्य चालणे, औषधे न चुकविणे आणि तंबाखू सोडणे, या साध्या गोष्टींनीच हे ध्येय गाठावयाचे असते. रक्तातील स्निग्ध पदार्थ आणि मूत्रपिंडाचे कार्य यांचीही तपासणी व्हावी. मूत्रपिंडाचा विकार आणि जालपटलाचा विकार पुष्कळदा हातात हात घालून येतात.

‘इन्सुलिन सुरू केले की डोळे जातात’ असा एक समज समाजात रूढ आहे. इन्सुलिनच्या भीतीने ते वर्षानुवर्षे लांबणीवर टाकणारे रुग्ण आढळतात. प्रौढ मधुमेहात इन्सुलिन बहुधा रोग जुना झाल्यावर, गोळ्या पुऱ्या पडेनाशा झाल्यावर देतात. डोळ्यांचा विकारही रोग जुना झाल्यावरच प्रकट होतो. दोन्ही एकाच सुमारास येत असल्यामुळे पहिल्यावर दुसऱ्याचा दोष येतो. या समजात सत्याचा अंश एवढाच की, फार काळ वाढलेली साखर वेगाने खाली आणली असता काही रुग्णांमध्ये जालपटलाचा विकार काही महिने तात्पुरता बळावतो. वरील अमेरिकी प्रयोगातही ही गोष्ट दिसली होती. पण तेथेच दीर्घकालीन लाभ त्याहून कितीतरी मोठा असल्याचेही सिद्ध झाले. यावरून इन्सुलिन टाळावे असा निष्कर्ष निघत नाही. ते सुरू करण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत, एवढाच निघतो.

विकार झाल्यावरचे उपाय

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या विकारावर खात्रीचा उपाय नव्हता. १९५३ मध्ये पोल्सेन या डॅनिश वैद्याने एका विलक्षण रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मधुमेही स्त्रीच्या मेंदूतळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी निकामी झाली होती आणि त्यानंतर तिच्या जालपटलाचा विकार ओसरला होता. या आधारावर काही ठिकाणी रुग्णांची ती ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकण्यापर्यंत मजल गेली. दृष्टी वाचविण्यासाठी माणसे केवढा धोका पत्करावयास तयार होती, याची यावरून कल्पना येते. अधिक चांगला उपाय हाती येताच ही शस्त्रक्रिया मागे पडली.

तो उपाय सूर्यग्रहणाने सुचविला. उघड्या डोळ्यांनी ग्रहण पाहणाऱ्यांच्या जालपटलावर भाजल्याचा डाग पडतो, हे नेत्रवैद्यांना ठाऊक होते. जर्मनीतील गेर्ड मायर-श्विकेराथ याने विचार केला की, जो प्रकाश अपघाताने जाळतो तो हेतुपूर्वक वापरला तर दोषी भाग डागता येईल. १९४९ च्या सुमारास त्याने प्रथम सूर्यप्रकाशाचाच उपयोग केला. नंतर झेनॉन वायूचा प्रखर दिवा आला आणि १९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यावर अधिक नेमके साधन हाती आले.

या उपायाने खरोखर लाभ होतो काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत १९७१ मध्ये एक प्रयोग हाती घेण्यात आला. सतराशेहून अधिक रुग्णांचा एकेक डोळा निवडून त्यावर उपचार करण्यात आले व दुसरा तसाच ठेवण्यात आला. दोन वर्षांत उपचार न केलेल्या डोळ्यांपैकी शेकडा सुमारे १६ डोळ्यांची दृष्टी अत्यंत मंदावली, तर उपचार केलेल्यांत हे प्रमाण सुमारे सहा होते. हा फरक इतका स्पष्ट होता की, १९७६ मध्ये निष्कर्ष जाहीर झाल्यावर धोक्यात असलेल्या दुसऱ्या डोळ्यांवरही उपचार करण्याची मुभा देण्यात आली.

या उपचारात जालपटलाच्या कडेच्या भागावर शेकडो बारीक डाग देतात. त्यामुळे उपाशी ऊतकाची प्राणवायूची मागणी घटते, वाहिन्या वाढविणाऱ्या प्रथिनाचा पाझर कमी होतो आणि नव्या वाहिन्या सुकून जातात. थोडक्यात, मध्य वाचविण्यासाठी कडेचा काही भाग खर्ची घातला जातो. म्हणून काहींना नंतर रात्री किंवा बाजूचे किंचित कमी दिसते. पीतबिंदूला सूज आली असेल तर त्या प्रथिनाला निष्प्रभ करणारी औषधे डोळ्यात टोचण्याची पद्धत एकविसाव्या शतकात रूढ झाली आहे. भूल देणारे थेंब घातलेले असल्याने फारशी वेदना होत नाही. परंतु ही औषधे पुनःपुन्हा द्यावी लागतात आणि मध्येच सोडल्यास लाभ टिकत नाही. रक्त साचून राहिले किंवा जालपटल ओढले गेले, तर काचाभ पदार्थ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करतात. ती १९७० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट माकेमर याने प्रथम केली.

या सर्व उपायांचे एक समान लक्षण आहे. ते असलेली दृष्टी राखण्यात अत्यंत समर्थ आहेत. गेलेली दृष्टी परत देण्यात त्यांचे सामर्थ्य मर्यादित आहे. जालपटलातील मज्जापेशी एकदा नष्ट झाल्या म्हणजे त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून उपचार किती चांगला यापेक्षा तो केव्हा मिळाला, यावर परिणाम अधिक अवलंबून असतो.

समारोप

वर वर्णिलेला शिंपी सुदैवाने अजून दुकानात बसलेला आहे आणि त्याला स्वच्छ दिसतेही आहे. डोळे तपासून घेण्याची खरी वेळ हीच होय. एका दिवसाची मजुरी बुडण्याची त्याला चिंता वाटते, ती समजण्याजोगी आहे. पण दृष्टी गेल्यास पुढची सारीच मजुरी बुडणार असते. घरातील शाळकरी मुलाने वडिलांच्या साखरेच्या तपासणीबरोबर डोळ्यांच्या तपासणीची तारीखही दिनदर्शिकेवर मांडून ठेवली आणि त्या दिवशी त्यांचा हात धरून त्यांना दवाखान्यात नेले, तर पुढे कित्येक वर्षे हात धरून नेण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.